वरची तर्री

आमच्या घरी रश्श्यावर तेलाची लाल तर्री तरंगत नसेल तर त्याला पाणी म्हणतात. नागपूरकडून भिलाईला येऊन आमच्या तीन पिढ्या झाल्या, तरी ही समजूत काही हलली नाही. मागच्या हिवाळ्यात या तर्रीनेच माझा जीव टांगणीला लावला.

सासऱ्यांना हार्टचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी तेल, तिखट, मीठ, सगळ्यावर काट मारली. मी नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये गणित शिकवून संध्याकाळी रिसालीला घरी यायचे आणि लौकी, म्हणजे तुमचा दुधी, उकडायचे. बाबा दोन घास खायचे अन् ताट सरकवायचे. "रोग्याचं जेवण तुमीच खा." महिनाभरात त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. मला राग यायचा, आणि खरं सांगते, रागापेक्षा भीती जास्त वाटायची. माणूस डोळ्यांदेखत असा खंगत गेला तर?

एका बुधवारी आमच्या ह्यांनी सेक्टर सहाच्या बाजारातून चिकन सॉसेजचं पाकीट आणलं. "सूप कर. भाज्या भरपूर टाक, सॉसेज चवीपुरते." एवढा सल्ला देऊन स्वारी टीव्हीसमोर! रांधणारी मी, पोट भरायचं बाबांचं, आणि अक्कल ह्यांची.

तरी केलं. लौकी, गाजर, पालक चिरला, मुगाची डाळ धुतली. सॉसेज आधी उकळून त्यांचं खारट पाणी फेकून दिलं. इथवर शहाण्यासारखं चाललं होतं. मग गंज गॅसवर ठेवला आणि नेमका एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. पोराला गणित कावून येत नाही, यावर ती बोलत राहिली, मी हो हो करत राहिले, आणि हात आपल्या सवयीने चालत राहिले. दोन पळ्या तेल, कांदा, लसूण, लाल तिखट, वरून भाज्या, डाळ, सॉसेज, पाणी. फोन ठेवला तेव्हा गंजात बोटभर तर्री झगमगत होती.

अगं बाई गं! डोळ्यांत पाणीच आलं. सांडशीने गंज उचलला आणि मोरीकडे निघाले, तर दारात बाबा. दवाखान्यातून आल्यापासून ते पहिल्यांदाच आपणहून स्वयंपाकघरात आले होते. वास त्यांना ओढून घेऊन आला होता.

"फेकून कावून राहिली?"

"तेल पहा ना, बाबा! तुम्हाला विष आहे हे."

"ठेव खाली. मले पळी दे."

बाबांनी सगळी नोकरी इथल्या स्टील प्लांटच्या भट्टीवर काढली. वितळलेल्या लोखंडावर स्लॅग तरंगते, म्हणजे मळ. तो वरच्या वर वेगळा करायचा, खालचा माल चोख ठेवायचा. त्यांनी गॅस बंद केला, गंज किंचित कलता केला आणि सगळं शांत होऊ दिलं. मग पळीच्या कडेने तर्री अलगद ओढून वाटीत घेऊ लागले. "घाई केली का मिसळते," ते मला दटावत म्हणाले. तेलाबरोबर तिखटही बरंच निघून आलं. वाटी भरली तशी मी ती झटकन मागे ओढली.

"भेऊ नको," ते म्हणाले. "हे तुया नवऱ्याले दे. सॉसेज त्यानंच आनले ना?"

मी खदखदून हसले. वरून सांबार घातला, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि वाढलं. बाबांनी दोन वाट्या सूप संपवलं. ताट सरकवलं नाही, माझ्याकडेच सरकले. "अजून हाय का?"

दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले. तेलाचा थेंब घातला नाही. बाबा बरोब्बर वेळेवर आले, पळी घेतली, गंजात डोकावले. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"आज काढायले काहीच नाही?"

त्या रात्री त्यांनी दोनच घास खाल्ले.

तेव्हापासून मी रोज गंजात एक चमचा तेल मुद्दाम घालते. बाबा येतात, गंज कलता करतात, सगळं तेल वेचून काढतात, मला दोन शब्द सुनावतात आणि पोटभर जेवतात. सदरा आता खांद्यावर नीट बसतो. डॉक्टर विचारतात, घरी तेल किती घालता? मी सांगते, बाबा ठेवतील तेवढंच.