साडेचार हजार रोपं

लग्न होऊन मी राजुरीला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. माझे थोरले दीर बी.एस्सी. होते. तालुक्याला गणिताच्या शिकवण्या घ्यायचे आणि घरी जेवायला बसले तरी वर्गात उभे असल्यासारखेच बोलायचे. एकदा भाकरी मोडून त्यांनी मला गुणोत्तर म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. मी लोणीच्या शाळेतून दहावी झालेली, गणितात दीडशेपैकी एकशे एकेचाळीस. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

विहिरीखालचं आमचं बारा गुंठ्यांचं वावर तिकोनी होतं. तिथं टोमॅटो लावायचे ठरले. सऱ्या पाडून झाल्यावर दिरांनी सगळ्यात लांब सरी मोजली. एकशे सतरा रोपं बसत होती. सऱ्या एकोणचाळीस. त्यांनी खिशातला कॅल्क्युलेटर काढला, गुणाकार केला आणि म्हणाले, "साडेचार हजार रोपं सांगून टाका नर्सरीत."

मी जेवण घेऊन गेले होते. वावराचं दुसरं टोक समोरच दिसत होतं. तिथल्या सरीत जेमतेम तीन रोपं मावली असती. पहिली एकशे सतराची, पुढची एकशे चौदाची, अशी प्रत्येक सरी तीन-तीननं कमी होत गेलेली. पहिली आणि शेवटची मिळून एकशे वीस, म्हणजे सरासरी साठ. साठ गुणिले एकोणचाळीस. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "दोन हजार तीनशे चाळीसच लागतील."

त्याला पटलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण भावापुढं तो कधी बोलायचा नाही. मग पदर सावरून मीच बोलले.

दिरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बांधावर बसलेल्या सासऱ्यांना म्हणाले, "आता भाकरी थापणारी बी आमाला हिशेब शिकवनार. लई झालं राव!"

नवरा डबा उघडत बसला.

चार दिवसांनी टेम्पो आला. दुपारपर्यंत दीड फुटावर लागण करत बायका पार टोकापर्यंत पोचल्या आणि बांधावर निम्मे ट्रे तसेच उरले. तिथं दिरांनी चूक कबूल केली असती तर मी सगळं विसरले असते. पण ते म्हणाले, "अंतर जास्त झालंय. मदी एकेक लावा." निम्म्या वावरात नऊ इंचावर रोपं कोंबली. बाकीची उन्हात वाळली.

दाटीत वारा खेळला नाही. महिन्याभरात त्या निम्म्यात करपा आला आणि झाडं उपटून टाकावी लागली. उरलेल्या निम्म्याला टोमॅटो चांगला लागला. दीर गावभर सांगत सुटले, "नर्सरीवाल्यानं डबल माल गळ्यात मारला." ज्याला तिकोन आणि चौकोन यातला फरक बांधावर उभं राहून दिसत नाही, त्याच्याकडं लोक पोरं शिकायला पाठवत होते.

पुढच्या लागणीला सासरे दारात येऊन एवढंच म्हणाले, "चल, सऱ्या मोजायला." दिरांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

त्या खेपेला सऱ्या नव्यानं पाडल्या होत्या. त्यातली विहिरीकडची एक छोटी सरी माझ्या नजरेतून सुटली आणि अकरा रोपं कमी पडली. दीर अंगणात मोठ्यांदा हसले. सासरे मोटारसायकल काढून अकरा रोपं घेऊन आले.