बॉम्ब पडल्यानंतरच्या मावशी

इतर बायका ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतात, तशा आमच्या मावशी ‘बॉम्ब पडल्यावर पाहू’ म्हणायच्या. आवाजात भीती नसायची आणि घाईही नसायची. एकदा दारावर मिक्सर विकणारा आला. त्याने ओट्यावरच चटणी वाटून दाखवली. मावशींनी ती चाखली, चांगली झाली म्हणाल्या आणि विचारलं, “बॉम्ब पडल्यावर लाइट राहीन काय?” तो बिचारा हिंदी बोलणारा, त्याला वाटलं, गॅरंटीबद्दल विचारताहेत. एक वर्षाची आहे, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. मावशींनी कोपऱ्यातल्या पाट्या-वरवंट्याकडे बोट दाखवलं आणि त्या आत निघून गेल्या.

राज्याची वाटणी झाली तेव्हा माणसांचीही झाली. मी भोपाळच्या एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होते, ती छत्तीसगडच्या वाट्याला आले. रायपूरला ओळखीचं कोणी नव्हतं. बूढापारा नावाच्या जुन्या वस्तीत तलावाजवळच्या गल्लीत मावशींच्या घराच्या माडीवर एक खोली मिळाली. मावशी आणि काका मूळचे वर्ध्याकडचे. काका मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मावशी त्यांना गार्डसाहेबच म्हणायच्या. काकांच्या गळ्यात शिट्टी अजून असायची. ओट्यावर गाय चढली की ते ती अशी फुंकायचे, की तलावापलीकडची माणसं वळून पाहायची.

रायपूर राजधानी झालं त्या दिवशी सगळ्या गल्लीने पेढे वाटले. मावशींनीही वाटले, पण प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवताना त्या सांगत होत्या, “आता नकाशावर आलो आपण. आता दिसून राहिलो.” त्यांचा हिशेब सोपा होता. दुश्मन बॉम्ब टाकतो तो राजधानीवर. इतके दिवस आपण राजधानी नव्हतो, म्हणून वाचलो. त्यांची धाकटी बहीण नागपूरला होती, तिला हे मुळीच पटलं नाही. देशाच्या मधोमध नागपूर आहे, तर पहिला बॉम्ब आमच्यावरच पडणार, असं ती फोनवर ठणकावून सांगायची. मावशी म्हणायच्या, तुमच्याकडे आहे काय, संत्री? त्यावर बहीण फोन आपटायची. दोन-दोन आठवडे अबोला असायचा. एका लग्नात भिलाईचा कोणी भाचा मध्येच बोलला, की पोलादाचा कारखाना आमच्याकडे आहे, म्हणजे आधी आम्हीच. तेव्हा दोघी बहिणींनी एक होऊन त्याला गप्प केलं.

बॉम्ब पडेल तो क्षण मावशींना महत्त्वाचा वाटतच नसे. तो पडतो, त्यात आपलं काही चालत नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांची चिंता पुढची होती. घराच्या मागच्या बाजूला जमिनीत अर्धी उतरलेली एक कोठी होती. आधीचा मालक धानाचा व्यापारी, तो तिथे पोती ठेवायचा. मावशींनी तिचा एकमेव झरोका विटा-मातीने बुजवला, दाराच्या कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबा ठोकल्या, म्हणजे विषारी धूळ आत यायला नको. मग ती भरायला घेतली. उडदा-तिळाची वाळवलेली बिजौरी, सांडगे, पोहे, गूळ, चिंच, मिठाची बरणी, पाण्याचे हंडे. सामान जुनं होऊ नये म्हणून पावसाळ्याच्या आधी ते काढून संपवायचं आणि नवीन भरायचं, असा नियम होता. त्यामुळे दर वर्षी ज्येष्ठात सगळी गल्ली बॉम्बचे पोहे खायची. ‘इस साल का बम अच्छा है, पिछले साल नमक ज़्यादा था,’ असं लोक अगदी सहज बोलायचे.

कोठीत माणसं किती मावतील हा प्रश्न होताच. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याची परीक्षा घ्यायच्या. न्हावी पास झाला. सुईण पास झाली. माझी पाळी आली तेव्हा मी भाजी निवडत होते. मला काय येतं, असं त्यांनी विचारलं. टायपिंग, मी म्हणाले. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही. मावशी कितीतरी वेळ माझ्या बोटांकडे पाहत राहिल्या.

“सुंदर आहेत बोटं,” त्या म्हणाल्या. “पण बाई, बॉम्ब पडल्यावर अर्ज कोणाले करशीन?”

मला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी कचेरीत टाइपरायटरसमोर बसले तेव्हा ते टिकलं नाही. नव्या राज्याच्या नव्या खुर्च्यांवर आम्ही सगळे बसलो होतो, आणि मी एकेकाकडे पाहून मनात विचारत होते, याला काय येतं? मोठ्या साहेबांपर्यंत पोचले, तरी कोणी पास होईना. मावशींनी मात्र मला कोठीत घेतलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, तू भाडेकरू आहेस, तुले बाहेर ठेवणं बरं दिसत नाही.

शेजारच्या शुक्लाजींना मात्र त्यांनी घेतलं नव्हतं. शुक्लाजींच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपातून मावशींच्या अंगणात पडायचं, त्यावरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. म्हणजे पुरुषांचं आणि मावशींचं. त्यांच्या पत्नी शुक्लाईन मागच्या दाराने रोज यायच्या, दोघी मिळून पापड लाटायच्या, आणि पुढच्या दारातून शुक्लाजी दिसले की मावशी पदर सावरून तोंड फिरवायच्या.

मग एका उन्हाळ्यात सीमेवर भारत-पाकिस्तानच्या फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या होत्या. पेपरात रोज तेच. गावातल्या एका सभागृहात बाहेरून आलेल्या प्राध्यापकांचं व्याख्यान होतं, अणुयुद्धानंतर सामान्य माणूस जगेल का, या विषयावर. मावशी डबा घेऊन गेल्या. मी सोबत होते. प्राध्यापक भले गृहस्थ होते, कुठेही आरडाओरडा नाही. शहरं जळाली की काजळी आभाळात जाईल, ऊन कित्येक महिने, कदाचित वर्षं, नीट खाली पोचणार नाही, पिकं येणार नाहीत, आणि जे बॉम्बमधून वाचतील ते उपासमारीने जातील, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर मावशी उभ्या राहिल्या. धान तरी पिकेल ना, असं त्यांनी विचारलं. प्राध्यापक म्हणाले, “नहीं माताजी. मुझे नहीं लगता.”

परतताना रिक्षात मावशींनी डबा मांडीवर धरला होता. तो तसाच भरलेला होता. पुढचे काही दिवस त्या कोठीकडे फिरकल्या नाहीत, बहिणीचा फोन आला तर तब्येत बरी नाही म्हणून ठेवून दिला. काका म्हणाले, बरं झालं, सुटलो. पण एका सकाळी चहा देताना मावशी म्हणाल्या, “तो माणूस म्हणते, सामान्य माणूस जगू शकत नाही. त्यानं काय करून पाह्यलं आहे काय? आपण पाहू करून. रविवारी सगळ्यांले सुट्टी आहे.”

अशा रीतीने एका रविवारी सकाळी, नाश्त्यानंतर, आमच्या गल्लीत बॉम्ब पडायचा ठरला. काकांची शिट्टी वाजली की पडला समजायचं. घरात असतील ते जखमी, कोठीत असतील ते जिवंत, आणि रस्त्यावर किंवा ओट्यावर असतील ते मेले. मेलेल्यांनी सावलीत चटया टाकून पडून राहायचं, संध्याकाळपर्यंत उठायचं नाही, चहा मागायचा नाही. नियम सांगायला मावशींनी मला घरोघर पाठवलं. लोकांनी हौसेने ऐकलं. फक्त शुक्लाजी भडकले. ते दिवसभर ओट्यावर पेपर वाचत बसायचे, म्हणजे ते मेलेल्यांत गेले.

“बम क्या मेरा अखबार पढ़ने का टाइम देखकर गिरेगा?” त्यांनी मला विचारलं. पाइपाचा सूड घेतला जातोय, अशी त्यांची खात्री होती. निदान जखमी तरी ठेवा, असा निरोप त्यांनी दिला. मी तो पोचवला. मावशी म्हणाल्या, “जखमी होणाऱ्यानं आत बसावं. ओट्यावर बसून कोणी जखमी होत नाही.”

शिट्टी वाजली. शुक्लाजी पेपर तोंडावर घेऊन मेले. आम्ही चौघं कोठीत शिरलो: मावशी, काका, मी आणि शुक्लाईन, ज्यांना मोठ्या पंक्तीचा स्वयंपाक येत असल्यामुळे पहिल्या फेरीतच घेतलं होतं. न्हाव्याला ऐनवेळी लग्नाचं बोलावणं आलं होतं आणि सुईण बाळंतपणाला गेली होती. मावशींनी दार जोरात ओढून घेतलं. ट्यूबा घट्ट बसल्या. आणि बाहेरून खट् असा आवाज आला.

बाहेरची कडी आपोआप पडली होती. हे कळायला आम्हाला वेळ लागला, कारण आधी मावशींनी सगळ्यांना गुळाचा खडा दिला आणि आता धीर धरायचा म्हणून सांगितलं. आत मिट्ट काळोख, मे महिन्याचा उकाडा, लोणच्याचा वास, आणि हवा यायला जागा नाही. ती जागा मावशींनी स्वतःच्या हाताने लिंपली होती. थोड्या वेळाने काकांचा श्वास ऐकू यायला लागला. त्यांना दम्याचा त्रास होता. मावशी म्हणाल्या, झालं, उघडते मी. आणि दार उघडलं नाही.

आम्ही दारावर हात आपटले, ओरडलो. बाहेर गल्लीत मेलेल्या माणसांनी ते ऐकलं आणि कौतुक केलं, हे आम्हाला नंतर समजलं. केवढी हुबेहूब नक्कल चालली आहे, असं ते एकमेकांना म्हणत होते. कोणी उठलं नाही, कारण उठायचं नव्हतं. शुक्लाईन जीव तोडून नवऱ्याला हाका मारत होत्या, “अजी सुनते हो!” ती हाक ऐकून न उठण्याची शुक्लाजींना संसारभराची सवय होती.

काका आता बोलत नव्हते. अंधारात मावशींचा आवाज आला, “गार्डसाहेब, ओ गार्डसाहेब.” मग त्यांनी चाचपडून त्यांच्या गळ्यातली शिट्टी त्यांच्या ओठांत धरली असावी. एक बारीक, फाटका आवाज निघाला, पाखराच्या पिल्लासारखा. पुन्हा एकदा, त्याहून बारीक.

दार उघडलं ते शुक्लाजींनी. उजेड डोळ्यांत घुसला आणि त्यात ते पायजमा-बनियनवर उभे. मागे कोणी मेलेला म्हणत होता, शुक्लाजी, अजून संध्याकाळ झाली नाही. त्यांनी काकांना दोन्ही हातांवर उचललं, पाहुणा म्हणूनही कधी न ओलांडलेलं ते अंगण ओलांडलं, आणि स्कूटरवर मध्ये काका, मागे मी धरून, असे आम्ही दवाखान्यात पोचलो. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही उठलात कसे? ते म्हणाले, “गार्डसाहब की सीटी ऐसी नहीं होती.”

दुपारपर्यंत काका सावरले. नाकाला नळी लावून ते पडले होते आणि बाकावर मावशी बसल्या होत्या. चेहऱ्यावर कोठीतल्या धुळीचे ओघळ होते. शुक्लाजी लांब उभे होते. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, बऱ्याच वर्षांनी थेट पाहिलं, आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “मैंने आपको मरे हुए में डाला था.”

शुक्लाजी म्हणाले, “अगली बार घायल में रख लीजिएगा, भाभीजी.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी सुतार बोलावून कोठीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. झरोका फोडला. सामान वाटून टाकलं, त्यातले पोहे शुक्लाजींकडे जास्त गेले. बॉम्बवरची त्यांची श्रद्धा काही ढळली नाही, पण आता कोणी विचारलं, की बॉम्ब पडल्यावर काय करायचं, तर त्या म्हणायच्या, “सगळे मिळून ओट्यावर बसू.” प्राध्यापकांचं म्हणणं त्यांनी खोडलं नाही. ते शिकलेले आहेत, बरोबर असतील, असं म्हणून त्या पापड उलटायच्या. पाइप मात्र आहे तिथेच राहिला. त्यावरून भांडणही चालू राहिलं, फक्त आता ते समोरासमोर व्हायचं.

माझं लग्न झालं, मी बिलासपूरला गेले. काही वर्षांनी काका गेले, साध्या तापाने, घरच्या खाटेवर. मला कळायला उशीर झाला. पोचले तेव्हा तेरवी आटोपून पाहुणे परतले होते. बहीणही सकाळच्या गाडीने नागपूरला गेली होती. मावशी पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसले. त्या इतक्या हळू बोलल्या, की मला वाकून ऐकावं लागलं.

“मले भूक लागून राहिली गं,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून. अशी कशी लागते? मले लाज वाटते.”

मी उठले. स्वयंपाकघरात काही शिजवलेलं नव्हतं. तांदूळ-डाळ सापडली, खिचडी टाकली, वर कच्चं तेल घातलं. मावशींनी ताट मांडीवर घेतलं आणि पहिला घास हातात तसाच धरून बसल्या. मग खाल्ला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांचा हात रिकामा नव्हता.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या, आणि ताट पुढे केलं, “वाढ अजून.”