माझ्या हाताच्या उंचीचे कोनाडे

आमची सैपाकाची खोली एवढीशी होती की माय चुलीपुढं बसली की मला उंबरठ्यावरच बसावं लागे. तिथं बसून मी लाखोळीची डाळ निवडायची, लसूण सोलायची, आणि धुरातून मायचं तोंड दिसेल तेवढं पाहायची. वैनगंगेच्या काठाकडलं आमचं गाव, सगळा धानाचा पट्टा. घर मातीचं. भिंती मात्र अशा जाड की हातभर खोदलं तरी पलीकडं उजेड दिसायचा नाही.

आणि सामान सगळं उंच. दुधाचं भांडं शिंक्यावर, टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाची बरणी वाशाला टांगलेली, कोपऱ्यात मडक्यांवर मडकी रचलेली उतरंड, ती माझ्या डोक्याच्याही वर. पावसाळ्यात उंदीर, घुशी, मुंग्या काही सोडत नसत, म्हणून सगळ्यांच्याच घरी असं उंच ठेवायची रीत. माय उंचपुरी बाई होती. बसल्या जागेवरून उठून नुसता हात वर केला की पाहिजे ते तिच्या हाती यायचं. खोली तिच्याच मापाची होती म्हणा ना.

मी नऊ-दहा वर्षांची असेन तेव्हा ती खोकू लागली. आधी आम्ही म्हटलं, धुराचा खोकला. मग एक दिवस तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पदर पटकन मुठीत गोळा करून घेतला. बाबांनी ते पाहिलं. आधी बैलगाडी, मग मोटार, असं करत ते तिला चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. परत आली ती वेगळं ताट आणि पाण्याचा वेगळा गडवा घेऊनच. छातीचा रोग. आता गोळ्या-सुयांनी तो बरा होतो म्हणतात. तेव्हाही औषधं निघाली होतीच, पण नद्या-नाले चढले की आमचा रस्ता बंद, आणि ती आमच्यापर्यंत यायची ती अर्धीमुर्धी.

तेव्हापासून आमची अदलाबदल झाली. मी चुलीपुढं आणि माय उंबरठ्याच्या बाहेर, तोंडाला पदर लावून. मला जवळ येऊ द्यायची नाही. तिथूनच सांगायची, "आता पाणी टाक. अवं, येवढं नाई! भात हाय का पेज?" मी हसायची, तीही हसायची, आणि हसता हसता तिला खोकला यायचा.

एकदा तिखट पाहिजे होतं. ते उतरंडीच्या मधल्या मडक्यात. वरची दोन उतरवल्याशिवाय त्यात हात जात नाही, आणि वरच्या दोनपर्यंत माझा हात पोचत नाही. मी पाट उभा करून त्यावर चढले आणि वरचं मडकं धरलं. सगळी उतरंड माझ्या अंगावरून खाली आली. मीठ, तिखट, डाळ, खापऱ्या, सगळं एक झालं. चूल पेटलेली होती. मी तिच्यापासून वीतभर लांब पडले.

माय आत धावत आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला धरलं, आणि लगेच सोडून मागे सरकली. रागावली नाही. नुसती चुलीकडं पाहत राहिली, मग वाशाला टांगलेल्या बरणीकडं, मग माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी बाबा धानाच्या रोवणीवर गेल्यावर तिनं मला बाहेर पाठवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि जुना विळा घेऊन चुलीशेजारच्या भिंतीत कोनाडा खोदायला बसली. भिंत पावसानं ओलसर होती, माती सुटायची. तरी दोन-चार घाव घातले की तिला थांबावं लागे. बाहेर मला विळ्याचा आवाज यायचा, मग खोकल्याचा, मग कितीतरी वेळ कसलाच नाही. तो कसलाच नसलेला वेळ मला खायला उठायचा. मी हाक मारायची, "माय वं!" आतून यायचं, "हाय ना, कुठी जातो!"

कोनाडा माझ्या छातीइतक्या उंचीवर निघाला. तिनं आतून शेणमातीत कोंडा कालवून लिंपलं, त्यात मिठाचं बोळकं ठेवलं, बोळक्यावर चपटा दगड.

शेजारची काकू विस्तव न्यायला यायची, तिनं पाहिलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वं, कोंबड्याईसाठी घर बांधून राह्यली का? इतकं खाली मीठ ठेवशीन तं उंदरं जेवतीन ना."

"उंदराले दगड उचलता येत नाई," माय म्हणाली. "पोट्टीले येते."

काकूच्या तोंडचं हसू गेलं. विस्तव न घेताच ती परत फिरली. आणि मला, खरं सांगते, त्या दिवशी समजलं की माय कशाची तयारी करून राह्यली आहे. कोणी सांगितलं नाही. सांगायला काय उरलं होतं?

बाबांना समजलं तेव्हा ते फार चिडले. मातीची धूळ छातीत जाते, असं दवाखान्यात त्यांना बजावून सांगितलं होतं. तिचा विळा त्यांनी परसात फेकून दिला.

"कोणं सांगतलं तुले खोदाले? मराचं हाय का?"

"मग तुमी खोदून द्या."

"मी नाई खोदत. कायले खोदू? तुले का झालं? दिवाळीपावतर चांगली होशीन तू. मग वाकून वाकून मीठ घेशीन का?"

आणि मग बाबांनी काय केलं माहीत आहे? जंगलातून बांबू आणले. अंगणात बसून ते चिरले, कमच्या काढल्या, पळसाच्या मुळाचा वाख वळून दोर केले आणि त्याच एवढ्याशा खोलीत वर एक सुरेख माळा बांधला. मायच्या हाताच्या उंचीवर. तिनं उभं राहून हात केला की बरोब्बर टेकेल, असा. त्यावर नवी मडकी आणून ठेवली.  बांधून झाल्यावर मायला म्हणाले, "पाह्य बरं, पोचते का?"

माय उंबरठ्यावरच बसून होती. उठली नाही. म्हणाली, "लय चांगला झाला." मग म्हणाली, "पोट्टीचा हात नाई पोचत."

असं त्या दोघांचं भांडण चाललं, बाप्पा. तोंडानं नाही, भिंतीवर. बाबा शेतात गेले की माय खाली एक कोनाडा खोदायची, डाळीसाठी. विळा गेला होता तर खापरीनं खोदायची. बाबा आले की वरच्या माळ्याला आणखी एक फळी लावायचे. खोलीत खाली माझं घर झालं, वर मायचं, आणि मधल्या चुलीवर भात शिजायचा तो तिघांचा. तो भात मी रांधायची. कधी कच्चा, कधी गोळा.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, "सगळी भिंत पोकळ करून टाकशीन तू."

माय बाहेरून म्हणाली, "करू द्या. तुमी दुसरी करून आणसाल तं वाकू वाकू सैपाक करन ना ते. तेवढीच तिची कंबर दुखन."

मस्करीच होती ती. माय अशीच बोलायची, पहिल्यापासून. पण बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेले. बैलांपाशी जाऊन बसले. मायनं मला खुणेनं सांगितलं, ताट झाकून ठेव. मग कितीतरी वेळ ती आपल्या वेगळ्या गडव्याच्या काठावर बोट फिरवत बसली होती.

धान कापायला आलं तोवर तिचं उठणं बंद झालं होतं. मीठ, तिखट, डाळ, काड्यापेटी खाली आली होती. तेल तेवढं राहिलं होतं. तेलाची बरणी अजून वाशालाच, बरोबर चुलीच्या वर. तेल घ्यायचं तर पाटावर चढून पेटत्या चुलीवर झुकायचं. माय उंबरठ्याबाहेर वाकळीवर पडून ते पाहायची, आणि मी सुखरूप खाली उतरेपर्यंत नजर हलवायची नाही. उतरले की डोळे मिटायची.

त्या दिवशी बाबा शेतातून लवकर आले होते. दारात उभे राहून त्यांनी मला पाटावर चढताना पाहिलं. मायला माझ्याकडं पाहताना पाहिलं. परसात गेले आणि खोदायची लोखंडी सब्बल घेऊन आले.

"चुलीतले लाकडं काढ," मला म्हणाले. "इकडं ये. हात वर कर."

मी भिंतीला टेकून हात वर केला. माझी बोटं पोचली तिथं त्यांनी कोळशानं रेघ ओढली. सब्बल उचलली.

"थोडा वर घ्या," माय बाहेरून म्हणाली. आवाज एवढासा झाला होता तिचा. "चार बोटं वर घ्या. वाढन ना पोट्टी."

बाबांचा हात तिथंच थांबला. ते खाली बसले, चुलीपुढं, माझ्या जागेवर. सब्बल आडवी मांडीवर घेतली आणि रडायला लागले. असे रडले की गोठ्यातले बैल कान टवकारून उभे राहिले. मी त्यांच्याकडं जाऊ की मायकडं, मला समजेना. दोघांच्या मधे उंबरठा होता, मी त्यावर उभी राहिले.

"आयकता का," माय म्हणाली, "दिवस मावळून राह्यला. पोट्टीले सैपाक कराचा हाय."

मग ते उठले, आणि चार बोटं वर खोदायला लागले. हलक्या हातानं, माती घमेल्यात धरत, मायकडं धूळ जाऊ नये म्हणून दाराला ओलं फडकं लावून. तो कोनाडा सगळ्यांत चांगला झाला. लिंपला मी. मायनं बाहेरूनच सांगितलं, कोंडा किती, शेण किती.

कापणी संपायच्या आधी माय गेली.

पुढं माझं सगळं त्या कोनाड्यांवरच चाललं. तेलासाठी तेवढं चवड्यांवर उभं राहावं लागे, पण पायाखाली जमीन असे. जेवताना बाबा मधूनच विचारायचे, "वरचा कोनाडा पोचते का वं तुले?" मी म्हणायची, "नाई बाबा, अजून नाई."

मग एक पावसाळा गेला, दुसरा आला, आणि एका सकाळी टाचा न उचलता माझ्या हातात बरणी आली. मी ती पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. पोचत होता. त्या दिवशी बाबांनी विचारलं तेव्हाही मी "नाई" म्हणाले. पोचते म्हटलं असतं तर मायची चार बोटं आठवून ते पुन्हा तसेच बसले असते, सब्बल नसलेली मांडी घेऊन. त्यांच्यासमोर तेल काढताना मी टाचा उचलायची. काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. तोवर मी त्यांच्या खांद्याला लागले होते. त्यांना का दिसत नसेल?