टक् टक् ऐकलं की थांबायचं

गुरांच्या डॉक्टरची औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. निमगाव केतकीला माझा दवाखाना. बाजारादिवशी चार जण चहाला टेकले की एका किश्श्यातून दुसरा निघतोच. सध्या विषय एकच, झटका मशीन! पिकाभोवती तार, तारेला बॅटरीवरचं मशीन. ते टक् टक् वाजत राहतं आणि तारेला नाक लागलं की झटका! जनावराला इजा होत नाही, पण तो आवाज ते विसरत नाही.

*

आता माझंच घ्या. माझ्या मोटरसायकलचा आवाज आला की वस्तीवरच्या गाई दावं ताणायच्या. गाडी आली म्हणजे सुई आली! म्हणून मी गाडी लांब लावून चालत जायला लागलो. तर त्या माझे गमबूट ओळखायला लागल्या.

बायको म्हणाली, "मग अनवाणी जाऊन बघा!"

गेलो. पायात हा एवढा बाभळीचा काटा! त्या दिवशी सुई डॉक्टरलाच टोचली.

*

कन्हेरीच्या तात्यांचं झटका मशीन बिघडलं. तात्यांनी काय करावं? घरातलं जुनं, मोठ्यानं वाजणारं किल्लीचं घड्याळ मक्याच्या बांधावर टांगलं. टक् टक् ऐकून शेळ्या जागच्या जागी थांबल्या! तात्या गावभर सांगत सुटले, "डोकं लागतं, डोकं!"

एक दिवस तात्या किल्ली द्यायला विसरले. दुपारपर्यंत शेळ्यांनी मका साफ केला होता.

*

अंथुर्ण्याच्या आबांचा मोती कुत्रा. लिंबाखाली तारेला त्याचं नाक लागलं. पुढं तार काढली, पण मोती अजून लिंबाला लांबून वळसा घालतो. तोही लिंबावर भुंकत! बिचाऱ्याला वाटतं, झाडच चावलं.

*

ह्याच आबांची चंद्री गाय. वासरू असल्यापासून त्यांनी वाढवलेली. आता आबांची बोटं आखडलीत, धार काढता येईना. मुलगा सुनील कारखान्यात कामाला. त्यानं दूध काढायचं मशीन आणलं. तेही नेमकं टक् टक् वाजणारं! चंद्रीनं पूर्वी तारेचा झटका खाल्लेला. मशीन सुरू झालं की थरथरायची, लाथा झाडायची, पान्हा चोरायची.

मी सुनीलला म्हणालो, "मशीन लांब ठेवून नुसतंच वाजवा आणि हिच्यापुढं पेंड ठेवा. रोज थोडं जवळ आणा. जाईल भीती."

"कवा करायचं डॉक्टर? मला ड्युटी हाय, आबांचं हात चालत न्हाईत. विकलेली बरी."

आबा चंद्रीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मला त्यांच्याकडं बघवेना.

टेम्पो आला त्या सकाळी मी गाय तपासायला हजर होतो. चंद्री टेम्पोच्या फळीपर्यंत नीट चालत गेली आणि थबकली. कान ताठ! ड्रायव्हरनं ओढलं, सुनीलनं ढकललं, मी पेंड दाखवली. छे! पाऊल पुढं टाकील तर शपथ.

आबा तिथंच फळीशेजारी बसलेले. भर उन्हाळ्यात मांडीवर घोंगडी!

ढकलता ढकलता सुनील थांबला. त्यानं कान दिला. आधी घोंगडीकडं बघितलं, मग आबांच्या वाकड्या बोटांकडं. मग ड्रायव्हरला म्हणाला, "जावा तुमी. न्हाय चढायची ती."

टेम्पो गेला. सुनील आबांजवळ उकिडवा बसला आणि घोंगडीत हात घालून त्यानं बटन बंद केलं.

"आबा, बॅटरी उतरती अशानं," तो म्हणाला. "पेंड कुठं ठिवलीया?"