नानांचा कागद

आधी माफी मागतो. आमच्या घरात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि मीसुद्धा परीक्षेच्या पेपरांशिवाय फारसं लिहिलेलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहायला बसलोय त्यांची गाणी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकलेली माणसं अमळनेरपासून एरंडोलपर्यंत आहेत. लिहायचा मान त्यांचा. पण त्यांनी लिहिलेलं वाचताना मला किळस आली. त्यानंतर स्वतःची आली, ती अजून गेलेली नाही. म्हणून लिहितोय.

नाना आमच्या गल्लीतले. गाव अमळनेर तालुक्यातलं. ते बँडमध्ये ढोल वाजवायचे आणि वाजवता वाजवताच गायचे. माईक हातात धरता येत नाही म्हणून त्यांनी जाड तार वाकवून ढोलाच्या पट्ट्याला अडकवली होती, आणि माईक तिच्या टोकाला दोऱ्याने बांधलेला असायचा. वरातीत सगळे उडत्या चालीची गाणी मागतात. नाना चार-पाच तशी वाजवायचे, मग ढोल एकदम थांबवायचे. कोरड्या गळ्याने एकच ओळ म्हणायचे आणि एक थाप मारायचे. त्यांची गाणी सुरतला कारखान्यात गेलेल्या माणसांची होती, मागे राहिलेल्या बायकांची होती. नाचणारी पोरं जागच्या जागी उभी राहायची. मी सहावीत असताना एका नवऱ्या मुलाला घोड्यावर बसल्या बसल्या रडताना पाहिलंय.

त्यांच्या चाहत्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. नाना जळगावच्या दवाखान्यात भरती झाले तसं तिथे ठरलं की नानांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं. मी धुळ्याला कॉलेजात शिकतो म्हणून आठवणी गोळा करून शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलं. माणूस खाटेवर जिवंत आहे आणि ग्रुपवर सगळे 'नाना असे होते, नाना तसे होते' लिहितायत. पहिली किळस तिथेच आली.

दुसरी किळस एका गोष्टीची आली जी जवळजवळ प्रत्येकाने लिहिली होती. गेल्या लग्नसराईत नानांचा आवाज फाटला, घोगरा झाला, मधेच विरून जायला लागला. तो काळ सगळ्यांना सर्वात जास्त आवडला होता. 'फाटलेल्या आवाजाची गोडी काही औरच.' 'शेवटी शेवटी तर काळीज कापत जायचा.' एकाने मोठ्या प्रेमाने लिहिलंय की नाना गाणं अर्धवट सोडून गटारीकडे गेले, लाल थुंकले, तोंड पुसून परत आले आणि पुढची ओळ तिथूनच उचलली. खाली त्याने हात जोडल्याची तीन चित्रं टाकलीत. नाना पान खात नाहीत, गुटखा खात नाहीत, हे त्याला माहीत नसेल. मला माहीत होतं.

आता माझी आठवण सांगतो.

लग्नसराई सुरू व्हायच्या आधी नाना भर दुपारी आमच्या ओट्यावर आले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला दवाखान्याचा कागद होता. त्यांना वाचता येत नाही, आणि आमच्या गल्लीत इंग्रजी कागद आला की तो आमच्या घरी येतो. वडील खाटेवर बसले होते. मला हाक मारायच्या आधीच ते नानांना म्हणाले, "हाऊ वाची देई ना, कॉलेजले जास तो."

नानांनी कागद माझ्या हातात दिला. "दख बरं भाऊ, काय लिखेल शे?"

डॉक्टरांचं अक्षर होतं. 'आवाज' कळला, 'विश्रांती' कळलं. खाली एक लांब शब्द होता, त्याच्याखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या. तो शब्द मी आयुष्यात पाहिलेला नव्हता. मोबाईल माझ्या खिशात होता. बाहेर काढून शब्द शोधायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण वडील माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या फीसाठी काय काय केलंय ते मला माहीत आहे, आणि त्यांच्यासमोर मला हे कळत नाही असं म्हणायला माझी जीभ वळली नाही.

"आवाज बसेल शे नाना," मी म्हणालो. "आराम करा, असं लिखेल शे."

"इतलंच ना?"

"इतलंच."

नाना हसले. आईने चहा दिला. जाताना ते वडिलांना म्हणाले, "तुमना मोठा पोऱ्यानं लगीन वाजाडस, मंग करस आराम." माझ्या थोरल्या भावाचं लग्न अठरा दिवसांवर होतं. आमच्याकडे बँड ठरवताना नारळ देतात, आणि वाजवणाऱ्याने नारळ हातात घेतला की मग तो मागे फिरत नाही. नानांनी आमचा नारळ दिवाळीनंतरच घेतला होता.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या बसमध्ये बसल्यावर मी तो शब्द मोबाईलवर शोधला. स्पेलिंग डोक्यात पक्कं बसलं होतं. अर्थ होता गळ्यातला तुकडा काढून कॅन्सर आहे का ते तपासायला पाठवणं. दोन रेघांचा अर्थ शोधावा लागला नाही.

मी त्याच बसने परत येऊ शकलो असतो. फोन तरी करू शकलो असतो. सतरा दिवसच तर आहेत, असं मी मनाशी म्हणालो. भावाने सुरतहून चार वेळा फोन करून विचारलं होतं, "नानाच शे ना? दुसरा कोणी नको." आणि खरं सांगायचं तर मलाही नानाच हवे होते. कॉलेजचे मित्र येणार होते. आमच्या गावात असं गाणारा माणूस आहे, हे मला त्यांना दाखवायचं होतं.

लग्नाच्या दिवशी वरात मारुतीच्या पारापाशी अडली ती पाऊण तास हललीच नाही. ऊन टाळूवर. मांडवातून वरण-बट्टीचा आणि वांग्याच्या भाजीचा वास येत होता. पोरांच्या तोंडात गुटखा, त्याच तोंडांनी ती ओरडत होती, "आखो एकदाव नाना! आखो एकदाव!"

नानांचा आवाज दुसऱ्या ओळीवर फाटला.

"आवाजले गंज चढना नाना!" एकजण म्हणाला.

"गंज नही भो, सोनं शे सोनं! काय दर्द शे!"

सगळे हसले. माझे मित्रही हसले. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "यार, काय माणूस आहे!" मी मान हलवली. अभिमानाने. ही मान मला आजही आठवते आणि तोंडात कडू पाणी येतं. नानांनी तेच गाणं सहा वेळा म्हटलं. सहाव्या वेळी शेवटची ओळ आलीच नाही, फक्त थाप आली. लोकांना वाटलं ते मुद्दामच केलंय. त्यावरच सगळ्यात जास्त शिट्ट्या पडल्या.

बँडवाल्यांना आमच्याकडे शेवटच्या पंगतीनंतर जेवायला वाढतात, तसंच त्यांना वाढलं. नाना जेवले नाहीत. पाण्याच्या टाकीपाशी उकिडवे बसून ते रुमाल धूत होते. पाणी गुलाबी होऊन चपलांखालून जात होतं. मी जवळ गेलो.

"नाना, तो कागद... एकदा जळगावला दाखवून या. लवकर."

मी प्रमाण भाषेत बोललो, कॉलेजात बोलतो तसं. का कोण जाणे.

त्यांनी रुमाल पिळला. "तू वाचेल शे ना. आरामच लिखेल शे. लग्नसराई सरू दे, मंग आरामच आराम."

तेव्हा सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगायचं म्हणजे आधी हे सांगावं लागलं असतं की मी वाचलंच नव्हतं, आणि मग हेही, की सतरा दिवसांपासून मला माहीत आहे. मागून वडिलांनी हाक मारली. पाहुण्यांना टोपी-टॉवेल द्यायचे होते. मी गेलो.

नाना पूर्ण लग्नसराई गायले. सगळीकडे घेतलेले नारळ होते. श्रावणात त्यांना पाणी गिळता येईना तेव्हा त्यांचा जावई त्यांना जळगावला घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, इतके महिने काय करत होता? जावयाने गावात येऊन ते सगळ्यांना सांगितलं. मी घरात होतो. बाहेर आलो नाही.

आता हे पुस्तक. चाहत्यांच्या आठवणींतले ऱ्हस्व-दीर्घ मी नीट करतोय. 'दर्द', 'दर्द', 'दर्द'. प्रत्येक ठिकाणी मला माहीत आहे की तो दर्द कसला होता. त्यांचा मला राग येतो, पण त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असून ऐकत उभा राहिलेला मी एकटाच. माझी ही आठवण ते छापतील असं वाटत नाही. तरी सगळ्यांच्या शेवटी ठेवणार आहे.

ऑपरेशन झाल्याचं कळलं होतं, पुढचं काही कळत नव्हतं. नानींना, म्हणजे नानांच्या बायकोला, फोन करायची माझी हिंमत होत नव्हती. त्यांना खरं कळलं असेल का, नानांना कळलं असेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं. वर्गात बसलो तरी तेच.

काल दुपारी नानींचाच फोन आला. नानांना घरी आणलंय. मी काही बोलायच्या आत त्यांनी सांगून टाकलं.

"आवाज गया भाऊ, कायमना गया. पन जीव वाचना. दवाखानानी नवा कागद देयेल शे. जावई वाचाले बठना, तर नानास्नी त्याना हातमाईन ओढी लिधा. कोनले हात लावू देत नहीत. तुमना घरकडे बोट दखाडतस. उशाखाल ठेयेल शे. तू येशी ना?"