धूर सरळ वर जातो तेव्हा

नव्या हरित इमारतींतली यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते का, हे तपासायला आमचे कार्यालय ज्यांना बोलावते, ते गृहस्थ पानिपतचे. मापकयंत्र काढण्याआधी ते उदबत्ती पेटवतात आणि हवेच्या जाळीपाशी धरून धुराकडे पाहत राहतात. बोलणे बेताचे, 'अच्छा' मात्र तीन निरनिराळ्या सुरांत. तिसरा सूर लागला की कंत्राटदाराच्या कपाळाला आठ्या पडतात.

मुनिरका वस्तीतल्या छोट्या अभ्यासिकेत तो सूर लागला. धूर सरळ वर जात होता. त्या बंद खिडक्यांच्या खोलीत चाळीस मुले दिवसभर बसणार होती, आणि ताजी हवा पोहोचत असल्याच्या दाखल्यावर सही माझी होती. गच्चीवरच्या पंख्याची घरघर ऐकून मी ती केली होती.

"पंखा तो चल रहा है, साहब," ते हळूच म्हणाले, "हवा कहाँ जा रही है?"

"कल उद्घाटन है, पंडितजी," कंत्राटदार हसला, "पूजा बाद में कर लेना."

त्यांनी शिडी मागवली आणि छताची फळी उतरवली. प्लास्टरची धूळ आत जाऊ नये म्हणून गवंड्यांनी हवा आणणाऱ्या मुख्य डक्टच्या तोंडाला बांधलेले प्लास्टिक तसेच होते. ते कापताच धूर आडवा झाला.

"चूक माझी आहे," असे सर्वांसमोर सांगून मी जुना दाखला रद्द केला. त्यांनी मापकयंत्र माझ्या हाती दिले. "अब आप नापिए, मैं लिखता हूँ."

खोलीतल्या अकराही जाळ्यांतून हवा पुरेपूर येत होती, आणि प्रत्येक आकडा मी नको तितक्या मोठ्याने वाचला.