नळीत राहिलेलं काडतूस

शस्त्रागारातल्या मिस्त्रींना सगळे पाठीमागे भागूबाई म्हणत. उभा जन्म रिव्हॉल्व्हर दुरुस्त करण्यात गेला, पण स्वतःच्या हाताने गोळी झाडायची म्हटलं की गडी काहीतरी निमित्त काढून सटकायचा. धाकट्या भावाला त्यांनीच रदबदली करून फौजेत चिकटवलं, आणि तेव्हापासून त्याचा घोरही जिवाला लावून घेतला.

मग ही आपोआप भरली जाणारी नवी पिस्तुलं आली. मिस्त्रींना ती डोळ्यांसमोर नको वाटत. रिव्हॉल्व्हरची चक्री बाजूला काढली की आतलं सगळं उघड दिसतं. इथे काडतुसं मुठीत दडलेली.

त्या सकाळी वर्गात शिकवायचं पिस्तूल दुरुस्तीला आलं. काडतूस वर चढत नाही, अशी तक्रार. सरावाची खोटी काडतुसं अजून आलीच नव्हती, म्हणून मिस्त्रींनी मुठीत सरकवायच्या मॅगझिनमध्ये खरीच भरली आणि वरची सरकपट्टी मागे ओढून सोडली. काडतूस छान चढलं. त्यांनी काडतुसावर आदळणारा मागचा घोडा हलकेच खाली टेकवला, मॅगझिन काढून ठेवलं आणि जुन्या सवयीने ‘झालं रिकामं’ म्हणत पिस्तूल वर्गावर धाडलं.

चहा पिता पिता मॅगझिन मोकळं करायला घेतलं, तर एक काडतूस कमी. टेबलाखाली पाहिलं, खिसे चाचपले. मग ते छान चढलेलं काडतूस आठवलं. मॅगझिन काढलं तरी ते नळीतच बसून होतं.

मिस्त्री धावत सुटले. वर्गाच्या दारात पोचले.

“मॅगझिन काढलं की हे नुसतं लोखंड. त्यात घाबरायचं काय?” उस्ताद शिकवत होते. घोडा मागे ओढलेला, नळी पहिल्या बाकावरच्या जवानाच्या छातीवर. तो धाकटाच होता, आणि हसत होता.

ओरडावं तर उस्ताद दचकणार आणि चाप ओढला जाणार. मिस्त्री पाय न वाजवता मागून गेले, पिस्तुलावर झडप घातली आणि घोड्याच्या फटीत अंगठा खुपसला. चाप ओढला गेलाच; घोडा नखावर आदळला.

“दादा, काय हे,” धाकटा ओशाळून म्हणाला. “सगळ्यांदेखत शोभा केलीस माझी.”

मिस्त्रींनी अंगठा सोडवला, नळी भिंतीकडे वळवली आणि सरकपट्टी मागे ओढली. काडतूस उडून बाकावर पडलं आणि घरंगळत धाकट्याच्या पुढ्यात थांबलं.

मिस्त्री मटकन खाली बसले. त्यांना उठवायला धाकटा आला, पण उठवता उठवता तोही त्यांच्या शेजारी फरशीवर बसला.